नुसतं ‘वडगाव’ लिहू नका

पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातला मस्तानी महाल मूळचा कोथरूडचा. आज तो शुक्रवार पेठेत आहे. कोथरूडची नोंदच नसती, तर तो पेठेतलाच वाटला असता! म्हणून वस्तू बनली कुठं, वापरली कुठं, मिळाली कुठं, हे वेगवेगळं लिहायचं.

आम्ही गटात घरोघरच्या जुन्या वस्तूंची वही करतोय. नुसतं ‘वडगाव’ लिहिलं, तर वडगाव बांडे दौंड तालुक्यात, वडगाव रासाई शिरूरमध्ये. नातीनं शोधायचं कुठं? म्हणून गाव, तालुका, जिल्हा तिन्ही लिहितो. नाव बदललं तरी जुनं खोडत नाही. माहेरच्या पितळी डब्यापुढं ‘अहमदनगर’ तसंच ठेवून शेजारी ‘अहिल्यानगर’ लिहिलं. ठाऊक नसेल तिथं रकाना कोरा. अंदाजानं ‘खुटबाव’ भरत नाही.