जुने अवजार, नवी पिशवी



बियाण्याची पिशवी घेताना आपण आधी काय पाहता? तिच्यावरची चिठ्ठी. वाण कोणता, उगवण किती टक्के, मुदत कधीपर्यंत, हे सारे तिच्यावर असते. संगणकाच्या प्रोग्रॅमलाही अशीच पिशवी आणि अशीच चिठ्ठी लागते. तिला पॅकेज म्हणतात.

डेबियन ही संगणकप्रणाली इयान मर्डॉक यांनी १९९३ साली सुरू केली. तिचा मूळ मजकूर कोणालाही वाचता येतो, आणि जगभरचे स्वयंसेवक ती सांभाळतात. तिच्यातील प्रत्येक पॅकेजच्या चिठ्ठीवर नाव, आवृत्ती, सांभाळणारा कोण आणि सोबत काय काय लागेल, हे लिहिलेले असते. आत परवान्याचा कागद आणि बदलांची नोंदवहीही असते.

आता एक जुने अवजार पाहू. त्याचे नाव टेलनेट. इथे बसून दूरच्या संगणकावर काम करता यावे, म्हणून अमेरिकेच्या आर्पानेट जाळ्यावर १९६९ साली त्याची सुरुवात झाली. १९८३ साली त्याचे नियम पक्के झाले. पण त्यात एक मोठी उणीव आहे. टेलनेटने पाठवलेला मजकूर पोस्टकार्डासारखा उघडा जातो. पासवर्डसुद्धा! वाटेत कोणीही वाचावा. म्हणून १९९५ साली फिनलंडमध्ये एसएसएच तयार झाले. ते म्हणजे बंद पाकीट.

मग टेलनेट टाकून का देत नाहीत? आपण विचाराल, आणि ते रास्तच आहे. त्याचे असे आहे, की काही जुन्या यंत्रांना दुसरी भाषा येतच नाही. शिवाय दूरचा संगणक ठरलेल्या दारावर उत्तर देतो की नाही, हे तपासायला ते अजून सोयीचे पडते.

इथे पॅकेज बांधणाऱ्याची खरी कसोटी लागते. टेलनेटचे भाग दोन: एक हाक मारणारा, दुसरा हाकेला ओ देऊन दार उघडणारा. डेबियनमध्ये हे दोन भाग वेगवेगळ्या पिशव्यांत असतात. ज्याला नुसती हाक मारायची आहे, त्याच्या घराला उगाच नवे दार पडत नाही. २०२३ साली आलेल्या डेबियनच्या बाराव्या आवृत्तीत जुन्या टेलनेटच्या जागी ग्नू प्रकल्पाचे टेलनेट आले. जुन्या नावाची पिशवी मात्र रिकामी ठेवली. ती मागवली की नवी आपोआप येते. जुन्या माणसाचा खोळंबा नको, एवढाच हेतू.

ही वाटणी किती मोलाची, ते जानेवारी २०२६ मध्ये दिसले. ग्नूच्या टेलनेटमधील दार उघडणाऱ्या भागात २०१५ पासूनचा एक दोष उघड झाला. परक्या माणसाने नावाच्या जागी ठराविक अक्षरे पाठवली, की पासवर्ड न विचारताच त्याला सर्वाधिकार मिळत. ज्यांनी फक्त हाक मारणारी पिशवी घेतली होती, त्यांच्या संगणकाला हे दारच नव्हते. बाकीच्यांना तातडीने दुरुस्ती बसवावी लागली.

तेव्हा मंडळी, एवढे ध्यानात ठेवा. रोजच्या कामाला एसएसएच वापरा. टेलनेट लागलेच, तर हाक मारणारा भाग तेवढाच घ्या, आणि त्यातून पासवर्ड पाठवू नका. शिक्षकांनी वर्गात एखाद्या पॅकेजची चिठ्ठी मुलांकडून मोठ्याने वाचून घ्यावी. बियाणे असो की प्रोग्रॅम, चिठ्ठी वाचल्यावाचून पिशवी उघडू नये.