बहिर्जीचे वेषांतर आणि बहिर्जीची वाट

शिवकाळावरच्या मराठी हेरकथांमध्ये बहिर्जी नाईक हमखास भेटतो. कधी फकीर, कधी भिकारी, कधी बैरागी होऊन तो शत्रूच्या गोटात शिरतो आणि वाचक पुस्तक खाली ठेवत नाही. पुस्तक मिटल्यावर मात्र तोच वाचक विचारतो, हे खरेच घडले असेल का?

प्रश्न रास्त आहे, कारण चोख हेरगिरीचे कागद सहसा उरत नाहीत. शिवरायांच्या मृत्यूनंतर, १६९० च्या दशकात, जिंजीला लिहिलेल्या सभासद बखरीत बहिर्जी येतो तो दोन महत्त्वाच्या प्रसंगी. सुरत मारली तर अपार द्रव्य मिळेल, ही खबर तो आणतो. १६७९ मध्ये जालना लुटून परतताना शत्रू आडवा आला, तेव्हा तो सैन्याला आडवाटेने पट्टा किल्ल्यावर सुखरूप पोचवतो. एका प्रसंगी पैशाची माहिती, दुसऱ्यात रस्त्याची. वेषांतराचे नाट्य कादंबरीकाराने घातलेले आहे.

म्हणून कथेची पारख वेषावरून नव्हे, वाटेवरून करावी, आणि खानदेशातल्या वाचकाला ती छान करता येते. सुरतेचा व्यापार बुऱ्हाणपूरकडे जाई तो याच मुलखातून. सतराव्या शतकातला फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हर्निए या वाटेवरची नवापूर, नंदुरबार, थाळनेर, चोपडा ही गावे नोंदवतो. नवापूरच्या तांदळाला कस्तुरीसारखा वास येतो, असेही लिहितो. हेराची नजर असावी ती अशी. नंदुरबार तापीच्या दक्षिणेला, थाळनेर उत्तर काठावर, म्हणजे मध्ये नदी ओलांडणे आलेच. सुरत ते बुऱ्हाणपूर हे अंतर साडेतीनशे किलोमीटरांहून अधिक आहे. ऐन श्रावणात, तापी दुथडी वाहत असताना, एका रात्रीत ते कापणारा घोडेस्वार धुळे-जळगावच्या वाचकाला पटणार नाही. बैलांच्या तांड्याबरोबर मुक्काम करत, बाजारात धान्याचे आणि कापडाचे भाव विचारत जाणारा माणूस मात्र लगेच पटतो. धरणगावात इंग्रजांची वखार होती. तिथे कोणता माल साठतो, हे कळायला वेष बदलण्याची गरज नव्हती, हमालाशी ओळख पुरेशी होती.

कादंबरीकाराने संवाद कल्पावेत, प्रसंग रचावेत. तो त्याचा हक्क आहे. पण तापीचा उतार कुठे आहे हे ज्या बहिर्जीला ठाऊक नाही, तो सभासदाचा बहिर्जी नव्हे.