शिकवायला आला नि शिकायला बसला

नांदगाव रोड स्टेशनवर मडगावच्या गाडीत बसलात, तर डबा खाऊन एक डुलकी काढेपर्यंत तुम्ही गोव्यात पोचता. आता ओळखा पाहू, लिस्बनहून गोव्याला यायला एका तरुणाला किती वेळ लागला असेल? साडेसहा महिने! आणि तेही सगळे जहाजात. ही हकिकत १५७९ सालची. शिवाजी महाराजांच्या जन्माला अजून पन्नास वर्षं होती, म्हणजे मालवणचा सिंधुदुर्ग किल्ला तर फार पुढची गोष्ट.

त्या तरुणाचं नाव थॉमस स्टीफन्स. इंग्लंडच्या विल्टशायर परगण्यात १५४९च्या सुमारास त्याचा जन्म झाला. वडील व्यापारी. घरात काही कमी नव्हतं. पण तेव्हा इंग्लंडात एलिझाबेथ राणीचं राज्य होतं आणि कॅथलिक पंथाच्या लोकांना आपला धर्म उघडपणे पाळायची चोरी होती. स्टीफन्स कॅथलिक. त्याने आणि त्याच्या पौंड नावाच्या मित्राने ठरवलं, दोघांनी रोमला जायचं आणि जेझुइट व्हायचं. जेझुइट म्हणजे शिकणं, शिकवणं आणि धर्मप्रसार यांना वाहून घेतलेल्या कॅथलिक पाद्र्यांचा संघ. पण निघायच्या आधीच पौंड पकडला गेला, आणि पुढची कित्येक वर्षं त्याची तुरुंगातच गेली. स्टीफन्स एकटाच रोमला पोचला. १५७५ साली संघात दाखल झाला, तिथे तत्त्वज्ञान शिकला आणि मग हिंदुस्थानात जायला निघाला.

४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बनहून पाच जहाजं एकदम सुटली. कर्णे वाजले, तोफा उडाल्या. गोव्याला पोचल्यावर त्याने वडिलांना लांबलचक पत्र लिहिलं, त्यात हे सगळं आहे. (पत्र लिहायचा कंटाळा करणाऱ्यांनी इथे जरा थांबून विचार करावा बरं का!) आफ्रिकेच्या गिनी किनाऱ्याजवळ वारा पडला आणि उकाड्याने जीव नकोसा झाला. समुद्रातून उडणारे मासे दिसले, भलेमोठे शार्क दिसले. केप ऑफ गुड होपला वळसा घालेपर्यंत जुलै संपत आला. पुढे ताजी फळं-भाजी नाही, चांगलं पाणी नाही. माणसांच्या हिरड्या सुजल्या, अंगं दुखायला लागली. हा स्कर्व्ही नावाचा रोग. तो क जीवनसत्त्वाच्या अभावी होतो हे आज तुम्हाला पुस्तकात मिळतं, तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. त्याच्या जहाजावर दीडशेच्या वर माणसं आजारी पडली, त्यांतली सत्तावीस गेली. आणि एवढेच गेले म्हणून लोकांना हायसं वाटलं!

एक गंमत त्याने फार बारकाईने टिपली आहे. उत्तर-दक्षिण आपण किती आलो ते सूर्य-ताऱ्यांवरून कळतं, पण पूर्व-पश्चिम जाताना आकाशात धरून ठेवायला एकही स्थिर खूण नाही. मग खलाशी पाण्याचा रंग, पक्षी, वाहून आलेलं गवत यांवरून अंदाज बांधायचे. तो अंदाज इतका चुकला, की गोव्याऐवजी जहाज अरबस्तानाजवळच्या सोकोत्रा बेटाकडे भरकटलं. शेवटी २४ ऑक्टोबरला एकदाचं गोवा आलं. पत्रात इथल्या पिण्याच्या पाण्याची तारीफ आहे, माडाच्या दारूचाही उल्लेख आहे. आपल्याकडच्या मुलांना त्यात नवल वाटणार नाही, पण लंडनच्या वडिलांना केवढं वाटलं असेल! हे पत्र पुढे १५८९ साली इंग्लंडात एका प्रवासवर्णनांच्या संग्रहात छापलं गेलं.

१५८० साली तो पाद्री झाला. आता पुढे काय? वय तिशी ओलांडलेलं, लॅटिन पक्कं, तत्त्वज्ञान झालेलं. आणखी शिकायची गरज काय होती? गोवे शहरात पोर्तुगीजांत राहून त्याचं आयुष्य सुखात गेलं असतं. पण त्याला साष्टी महालात पाठवलं. ही मुंबईजवळची साष्टी नव्हे, मडगावच्या भोवतालची. तिथली माणसं बोलत कोकणी, पोथ्या वाचत मराठी. तेव्हा त्या बोलीचं छापील व्याकरण नव्हतं, शब्दकोश विकत मिळत नव्हता. परदेशी माणसाला कान देऊन ऐकायचं, चुकत बोलायचं आणि पुन्हा ऐकायचं, हाच अभ्यास. मला विचाराल तर साडेसहा महिन्यांच्या समुद्रापेक्षा हा प्रवास अवघड होता.

आणि दिवस काही बरे नव्हते. स्टीफन्स आला होता तो धर्म पसरवायलाच, आणि त्याच्या पाठीशी पोर्तुगीजांची सत्ता होती. त्या सत्तेने साष्टीतली देवळं पाडली, लोकांच्या पोथ्यांवर बंदी घातली. १५ जुलै १५८३ रोजी कुंकळ्ळी गावाला संताप आवरला नाही. चर्चसाठी जागा बघायला आलेले पाच जेझुइट गावकऱ्यांनी ठार मारले. पोर्तुगीजांनी पुढे गावच्या पुढाऱ्यांना बोलणी करायला म्हणून आसोळण्याच्या किल्ल्यात बोलावलं आणि त्यांचा घात केला. मारले गेलेले पाद्री स्टीफन्सचे सोबती, मारणारे लोक त्याच्या रोजच्या वाटेवरचे. अशा वेळी दुसऱ्या कुणी त्या लोकांची भाषा शिकणं सोडून दिलं असतं.

त्याच ऑक्टोबरात त्याने आपल्या भावाला पत्र लिहिलं. त्यात कुंकळ्ळीची दुःखद बातमी आहे, आणि इथल्या भाषांविषयीही मजकूर आहे. त्यांचे उच्चार कानाला वाईट लागत नाहीत, आणि त्यांची घडण ग्रीक-लॅटिनसारखी आहे, असं तो सांगतो. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या बहिणी आहेत हे सर विल्यम जोन्स यांनी कलकत्त्यात सांगितलं ते १७८६ साली, म्हणजे दोनशे वर्षांनी!

तो शिकतच राहिला. कोकणीचं व्याकरण त्याने पोर्तुगीज भाषेत लिहिलं. ते त्याच्या मृत्यूनंतर, १६४० साली, रायतूरला छापलं गेलं. आणि त्याचं सर्वांत मोठं काम म्हणजे 'क्रिस्तपुराण'. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांच्या पोथ्या गेल्या होत्या, ओव्या म्हणायची सवय मात्र गेली नव्हती. म्हणून त्याने बायबलातल्या कथा मराठी ओव्यांत रचल्या, थोड्याथोडक्या नव्हे, सुमारे अकरा हजार! स्वर्गाला तो 'वैकुंठ' म्हणतो. मराठीला मोगऱ्याची आणि कस्तुरीची उपमा देतो. चर्चमध्ये लोक या ओव्या म्हणू लागले.

हे पुस्तक आपल्याच लिपीत छापावं अशी त्याची फार इच्छा होती. १६०८ साली त्याने वरिष्ठांना तसं कळवलं, आणि अडचणही सांगितली. युरोपात चोवीस अक्षरांचे साचे पुरतात, इथे काना-मात्रा-जोडाक्षरं धरून सहाशेच्या आसपास लागतील! ते काही जमलं नाही. १६१६ साली रायतूरला 'क्रिस्तपुराण' छापलं गेलं ते रोमन लिपीत. तीन वर्षांनी स्टीफन्स गोव्यातच वारला. इंग्लंडला तो परत गेला नाही.

१६८४ साली पोर्तुगीज सरकारने हुकूम काढला, की तीन वर्षांच्या आत लोकांनी देशी भाषा टाकून पोर्तुगीज बोलावी. सरकारचं बळ एकीकडे आणि एका पाद्र्याचा जन्मभराचा अभ्यास दुसरीकडे! 'क्रिस्तपुराणा'च्या जुन्या छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज मिळत नाही. पण घराघरांतून लोकांनी ते हाताने उतरवून ठेवलं होतं. गोव्यातून मंगळूरकडे गेलेल्या कुटुंबांनीही ते जपलं. अशा हस्तलिखितांवरून १९०७ साली मंगळूरला ते पुन्हा छापलं गेलं. आणि पुढे लंडनच्या एका ग्रंथसंग्रहात त्याची एक हस्तलिखित प्रत सापडली. ती देवनागरीत होती.