अरुंद फळी आणि पाण्यावरचे उड्डाण

मंडळी, कोकणातली जुनी होडी तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिली असेल. अंग लांबट, रुंदी बेताची, आणि एका बाजूला दोन आडव्या दांड्यांना बांधलेला, पाण्यावर तरंगणारा ओंडका. त्याला उलांडी म्हणतात. ती कशासाठी? होडी अरुंद केली की पाणी कापत झपझप जाते, पण कलंडतेही लवकर. म्हणून तोलाची सोय बाहेरून करावी लागते.

हाच पेच विंग फॉइलिंग या नव्या खेळात पडतो. हवाई बेटांतील माउईसारख्या वाऱ्याच्या किनाऱ्यांवर हा खेळ चालतो. खेळाडू फळीवर उभा राहून हवा भरलेला कापडी पंख हातात धरतो. फळीखाली एक दांडा, आणि दांड्याच्या टोकाला पाण्यात बुडालेला दुसरा पंख. वेग आला की हा खालचा पंख माणसासकट फळीला पाण्याबाहेर उचलतो. कल्पना जुनीच आहे. टेलिफोनचे जनक ग्रॅहॅम बेल व त्यांचे सहकारी यांची एचडी-४ ही नाव १९१९ साली कॅनडात अशाच पंखांवर ताशी सुमारे ११४ किलोमीटर धावली.

आता गंमत पाहा. वेग दुप्पट झाला की पंखाची उचल चौपट होते. तेव्हा सारा प्रश्न सुरुवातीचा वेग गाठण्याचा. आखूड, रुंद फळी पाणी पुढे ढकलत बसते. लांब, अरुंद फळी त्यातून निसटते. म्हणून मंद वाऱ्यातही ती लवकर उठते. पण किंमत मोजावी लागते. लांबी तीच ठेवून रुंदी निम्मी केली, तर कलंडण्याला होणारा पाण्याचा विरोध जवळजवळ एक अष्टमांश उरतो.

मग निवड कशी करावी? फळीचे आकारमान लिटरमध्ये सांगतात. एक लिटर पाणी बाजूला सारले की साधारण एक किलो वजन तोलले जाते. सत्तर किलोच्या नवशिक्याने शंभर-एकशेदहा लिटरची, पासष्ट-सत्तर सेंटिमीटर रुंद फळी घ्यावी. पन्नास सेंटिमीटरच्या आसपासची अरुंद फळी तोल अंगी बाणल्यावरच घ्यावी, आणि तीही पहिल्या खेपेस वजनापेक्षा पंधरा-वीस लिटर जास्तीची. घाईने अरुंद फळी घेणारा पैसे घालवतो आणि दिवसभर पाण्यात पडतो.

स्वार होताना आधी फळीच्या मध्यरेषेवर गुडघे टेका. हातातल्या पंखात वारा भरू द्या. त्या ओढीवर थोडा भार टाकला की तोच तुमची उलांडी होतो. फळी चालू लागली की उठा, कारण थांबलेल्या फळीपेक्षा चालती फळी स्थिर असते. पावले मध्याजवळ, गुडघे सैल, नजर पुढे. पायांकडे पाहिलेत की पडलात! अंगात तरंगते जाकीट, डोक्यावर शिरस्त्राण हवेच. आणि वारा किनाऱ्याकडून समुद्राकडे वाहत असेल, तर पाण्यात उतरूच नये.

शिक्षक बंधुभगिनींनो, हे वर्गात दाखवता येईल. एकाच लाकडाच्या, सारख्या जाडीच्या व वजनाच्या दोन फळ्या घ्या. एक आखूड-रुंद, दुसरी लांब-अरुंद. हौदात सोडून दोन्हींच्या काठावर सारखाच खडा ठेवा. मग दोऱ्याला सारखेच वजन टांगून दोन्ही ओढून पाहा. मुलांना विचारा, चांगली कोणती? एखादे तरी पोर म्हणेल, “कशासाठी, गुरुजी?” त्याला शाबासकी द्या.