पदच्युत तालाची पुनःस्थापना

इसवी सन २००० च्या ऑगस्टमध्ये स्पिलर या इटालियन डीजेचे ‘ग्रूव्हजेट’ हे गीत ब्रिटनच्या विक्रीसूचीत अग्रस्थानी गेले, तेव्हा त्यातील शांत, किंचित अलिप्त आवाजाने सर्वांचे लक्ष वेधून घेतले. तो आवाज सोफी एलिस-बेक्स्टर हिचा होता. गिटारप्रधान ‘दिऑडियन्स’ या वृंदाची ती गायिका, आणि तो वृंद मोडल्यावर नृत्यसंगीताच्या दरबारात तिचा प्रवेश झाला तो असा. पुढील वर्षी, म्हणजे २००१ साली, ‘रीड माय लिप्स’ हा तिचा पहिला स्वतंत्र गीतसंग्रह प्रसिद्ध झाला आणि ब्रिटनमध्ये दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोहोचला.

डिस्कोच्या तालावर उभ्या असलेल्या या संग्रहाचे मर्म डिस्कोची घडण ध्यानी घेतल्यावाचून उमगावयाचे नाही. मिनिटाला सुमारे १२० ठोके, चारही मात्रांवर मोठ्या ड्रमचा अखंड आघात, दोन आघातांमधील अवकाशात झांजेचा मोकळा झणत्कार, तळाशी सतत वाहणारा बेस गिटार आणि माथ्यावर व्हायोलिनांचा समूह, अशी या संगीताची रचना. न्यू यॉर्क व फिलाडेल्फिया येथील क्लबांतून कृष्णवर्णीय, लॅटिन आणि समलिंगी मंडळींनी हे संगीत वाढविले, आणि त्याचा अंमल ऐन भरात असतानाच १२ जुलै १९७९ रोजी शिकागोच्या कोमिस्की पार्क मैदानावर, दोन बेसबॉल सामन्यांच्या मधल्या वेळात, डिस्कोच्या तबकड्यांची रास स्फोटकांनी उडविण्यात आली. जमाव मैदानात घुसल्याने दुसरा सामना होऊच शकला नाही. तबकड्या उडविणाऱ्या त्या गर्दीचा रोष केवळ तालावर नव्हता, तो ताल ज्यांचा होता त्या माणसांवरही होता, असे मला निश्चितपणे वाटते. अमेरिकेत हे हद्दपारीचे फर्मान निघाले, आणि पुढच्याच वर्षी लंडनवासी बंगळूरकर संगीतकार बिद्दू यांच्या रचनेतून व नाझिया हसनच्या कोवळ्या कंठातून तोच ताल ‘कुर्बानी’ चित्रपटाद्वारे आपल्या घरोघरी येऊन पोहोचला!

सोफीचा जन्म १९७९ चाच. अर्थात डिस्को ही तिची आठवण नव्हती. तो तिने स्वेच्छेने पत्करलेला वारसा होता, आणि म्हणूनच तिच्या गाण्यात गतकाळाचे उमाळे नाहीत. डिस्कोच्या थोर अमेरिकन गायिका स्वर मोकळा सोडून श्रोत्याला आपल्याबरोबर वाहून नेत. सोफी मात्र आपले इंग्लिश उच्चार जराही न लपविता, एकेक व्यंजन स्पष्ट कापीत, संयमाने गाते. वाद्यमेळ उष्ण आणि कंठ शीतल, या विरोधातच संग्रहाचे सारे वैशिष्ट्य आहे. ‘मर्डर ऑन द डान्सफ्लोअर’ या गीतात तर नृत्यमंचावरील ईर्ष्येला खुनाची भाषा दिलेली असूनही तिचा स्वर कोठेही चढत नाही, आणि त्या सभ्य धमकीने गीताला विलक्षण धार येते. ते तिने ‘न्यू रॅडिकल्स’ वृंदाच्या ग्रेग अलेक्झांडरसमवेत रचले. सर्वच गीते या तोलाची नाहीत. काहींत ताल आहे, पण ही धार नाही. ‘ब्लर’ वृंदाच्या अॅलेक्स जेम्ससमवेत रचलेले ‘मूव्ह धिस माउंटन’ हे संथ गीत मात्र, नृत्याशी त्याचा फारसा संबंध नसूनही, मला मोलाचे वाटते.

‘मर्डर’ प्रथम आले तेव्हा ब्रिटनमध्ये दुसऱ्या स्थानी थांबले होते. २०२३ च्या ‘सॉल्टबर्न’ चित्रपटात नायक याच गीतावर भल्या थोरल्या वाड्यातून नाचत जातो. त्या अंतिम दृश्यानंतर, जानेवारी २०२४ मध्ये, ते पुन्हा त्याच स्थानी पोहोचले आणि अमेरिकेच्या ‘बिलबोर्ड हॉट १००’ या सूचीत तर आयुष्यात प्रथमच दाखल झाले. त्या वेळी हे गीत ऐकणाऱ्यांपैकी कित्येकजण २००१ साली जन्मलेलेही नसतील.

ज्यांस या संग्रहाचा परिचय करून घ्यावयाचा असेल त्यांनी ‘टेक मी होम’पासून आरंभ करावा. हे मूळचे अमेरिकन गायिका शेर हिचे १९७९ मधील डिस्कोगीत. आधी शेरचा भरदार स्वर ऐकावा, लागलीच सोफीचा ऐकावा, आणि दुसऱ्या वेळी शब्दांच्या अंत्य व्यंजनांकडे कान द्यावा.