काळ्या मातीखालचा मुलूख

1936 साली काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन ज्या फैजपुरात भरले, तेथून उत्तरेस केळीच्या बागांपलीकडे दिसणारी सातपुड्याची रांग आणि दक्षिणेस तापीपर्यंत पसरलेली काळी कसदार जमीन, या दोहोंचे मूळ एकाच अग्निरसात आहे. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी भूमी दुभंगून लाव्हा थरावर थर वाहिला, त्याचा काळा पत्थर झाला, आणि तो झिजून नद्यानाल्यांनी आणलेला गाळ आज आपल्या नांगराखाली येतो. धुळे-नंदुरबारकडच्या माळांवर पडक्या तटबंदीसारख्या ज्या काळ्या पाषाणभिंती कोसच्या कोस धावतात, त्या म्हणजे जमिनीतल्या भेगांतच थिजून राहिलेला तो लाव्हा होय.

डायनासोर ज्या भूमीवर हिंडले ती भूमी खानदेशात या पाषाणाखाली गाडली गेली असल्याने त्यांची हाडे येथे हाती लागत नाहीत. ती लागतात जेथे पाषाणाचा हा थर विरळ होतो किंवा संपतो तेथे, म्हणजे नर्मदेच्या खोऱ्यात, गुजरातेत आणि आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात. त्या काळी भारत विषुववृत्ताच्या दक्षिणेस, मादागास्करपासून तुटून उत्तरेकडे सरकणारा एकाकी भूखंड होता. म्हणूनच गुजरातेत सापडलेल्या मांसाहारी राजासॉरसचे जवळचे भाऊबंद मादागास्करात आढळतात.

परंतु मला सर्वांत मोलाचा दाखला वाटतो तो वरोरा तालुक्यातील पिसदुऱ्याचा. तेथील लाल मातीत, मुठीत मावतील असे, वरून साध्या गोट्यांसारखे दिसणारे दगड मिळतात, आणि ती असते डायनासोरांच्या काळातल्या प्राण्यांची अश्मीभूत विष्ठा. ती विरघळवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहता लखनौच्या वंदना प्रसाद व त्यांच्या सहकाऱ्यांना तीत गवताच्या पेशींत तयार होणारे सिलिकाचे कण दिसले, आणि 2005 साली त्यांनी ते प्रसिद्ध केले. गवत डायनासोरांच्या पश्चात फोफावले, हा तोवरचा समज होता. वैदर्भीय भूमीतल्या या शेणाने तो खोडून काढला. त्या गवतांपैकी काहींचे नाते भाताच्या कुळाशी आहे, हेही पुढे सिद्ध झाले.

असे दगड शेतात कोणास आढळले, तर कृपा करून ते शोभेसाठी घरी नेऊ नयेत. जागेवरच राहू देऊन नागपूरच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण कार्यालयास वर्दी द्यावी, कारण दगड कोणत्या थरात होता हे एकदा हरवले की त्याचा काळ ठरविणे अवघड होते.