खिशात मावणारे गाण्यांचे भांडार : मोठ्या संग्रहासाठी प्लेअर कसा निवडावा

सोलापूर–धुळे महामार्गावरचे, वाशी तालुक्यातले तेरखेडा हे गाव फटाक्यांच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध आहे. पण या गावाभोवतीचा सारा टापू गाण्यांचाही आहे. जवळच येरमाळ्याची येडेश्वरी, पुढे तुळजापूरची भवानी, पलीकडे तेरणाकाठी तेरचे गोरोबाकाका. त्यामुळे इथल्या घरांत जमलेला गाण्यांचा संग्रह शहरातल्या संग्रहापेक्षा वेगळा असतो. त्यात लता मंगेशकर आणि प्रल्हाद शिंदे असतातच. शिवाय गावच्या सप्ताहातली कीर्तने असतात, आराधी मंडळांची गाणी असतात, संबळ-तुणतुण्यावरचा गोंधळ असतो, आणि कुणी वेळीच जागे होऊन टिपून ठेवल्या असतील तर आजीच्या जात्यावरच्या ओव्याही असतात. यातली निम्मी गाणी इंटरनेटच्या कोणत्याही सेवेवर सापडणार नाहीत. ती ज्याने जपली त्याच्याकडेच असतात. म्हणूनच हा सगळा ठेवा एका खिशात मावणाऱ्या यंत्रात कसा बसवायचा, हा प्रश्न तेरखेड्यासारख्या गावात फार मोलाचा आहे.

तीन मिनिटांपासून दीडशे दिवसांपर्यंत

भारतात तबकड्यांसाठी ध्वनिमुद्रण सुरू झाले नोव्हेंबर १९०२ मध्ये, कलकत्त्यात. ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गायस्बर्गने तिथे गौहर जान यांचे गाणे मुद्रित केले. त्या काळच्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटांचे गाणे मावायचे, म्हणून तासाभराचा राग गवयाला तीन मिनिटांत आटोपावा लागे. १९६३ मध्ये फिलिप्सने कॅसेट आणली आणि एका डबीत तास-दीड तासाचे गाणे राहू लागले. मराठवाड्यात भक्तिगीते आणि भीमगीते वस्तीवस्तीवर पोहोचली ती या कॅसेटमुळे.

पुढची झेप आकड्यांची होती. सीडीत आवाजाची दर सेकंदाला ४४,१०० मोजमापे घेतली जातात, तीही डाव्या-उजव्या अशा दोन बाजूंची. त्यामुळे पाच मिनिटांच्या गाण्याला सुमारे ५३ एमबी जागा लागते. जर्मनीच्या फ्राउनहोफर संस्थेत कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर उपाय शोधला. हलगीवर जोराची थाप पडते त्या क्षणी तिच्या आसपासचे बारीक आवाज कानाला ऐकूच येत नाहीत. ऐकू न येणारे साठवायचे कशाला, या विचारातून एमपी३ तयार झाले. फायलीला हे नाव १९९५ मध्ये मिळाले. १२८ केबीपीएसची, म्हणजे दर सेकंदाला १२८ हजार बिट माहिती वापरणारी, एमपी३ फाइल सीडीच्या अकराव्या हिश्श्याएवढी असते.

१९९८ मध्ये एमपी३ वाजवणारे पहिले खिशातले प्लेअर बाजारात आले, पण त्यांत सीडीभर गाणीही मुश्किलीने मावत. २३ ऑक्टोबर २००१ रोजी ॲपलने आयपॉड आणला. त्यात १.८ इंचांची, ५ जीबीची फिरती हार्ड डिस्क होती आणि एक हजार गाणी मावत. डिस्क सतत फिरत राहिली तर बॅटरी लगेच संपेल, म्हणून ती वीसेक मिनिटांची गाणी एकदम उचलून ३२ एमबीच्या स्मृतीत ठेवी आणि थांबे. पुढे आयपॉड क्लासिक १६० जीबीपर्यंत गेला. २०१४ मध्ये तो बंद झाला आणि मे २०२२ मध्ये आयपॉडचे शेवटचे मॉडेलही कंपनीने थांबवले.

पण तोवर खरा चमत्कार दुसरीकडेच घडला होता. १९८० च्या दशकात तोशिबाचे अभियंते फुजिओ मासुओका यांनी फ्लॅश मेमरी शोधली. तिच्यात फिरणारा एकही भाग नाही. विद्युतरोधक थरांमध्ये इलेक्ट्रॉन कोंडून ठेवायचे आणि ते किती आहेत यावरून माहिती वाचायची, एवढीच तिची युक्ती. वीज बंद केली तरी कोंडलेले इलेक्ट्रॉन जागीच राहतात. आज असे थर शेकड्याने एकावर एक रचतात. त्यामुळे १५ मिलिमीटर लांब, ११ मिलिमीटर रुंद आणि १ मिलिमीटर जाड मायक्रोएसडी कार्डात ५१२ जीबी सहज मावतात.

हा आकडा केवढा, याचा हिशेब करून पाहू. ३२० केबीपीएस या उत्तम दर्जाच्या एमपी३ मध्ये पाच मिनिटांचे गाणे १२ एमबीचे होते. म्हणजे ५१२ जीबीच्या कार्डात सुमारे ४२ हजार गाणी बसतात. ती अहोरात्र वाजवली तरी संपायला जवळजवळ दीडशे दिवस लागतील. पुणे आकाशवाणीवर १९५५-५६ मध्ये गाजलेल्या गीतरामायणाची ५६ गाणी घ्या. प्रत्येक गाणे दहा मिनिटांचे धरले तरी सगळी मिळून दीड जीबीसुद्धा होत नाहीत.

आधी संग्रह मोजा

प्लेअर पाहायला दुकानात जाण्याआधी आपल्याकडे काय आहे ते कागदावर मांडावे. गाणी किती, कीर्तने-प्रवचने किती, शास्त्रीय मैफली किती, आणि जगात दुसरीकडे कुठेच नाहीत अशी घरची ध्वनिमुद्रणे किती. या चार गोष्टींच्या गरजा वेगवेगळ्या आहेत.

कीर्तन म्हणजे मुख्यतः बोलणे. ते एका वाहिनीत, म्हणजे मोनो, ६४ केबीपीएसने साठवले तरी स्वच्छ ऐकू येते. दोन तासांचे कीर्तन मग ५८ एमबीत बसते आणि हजार कीर्तनांना ५८ जीबी पुरतात. चित्रपटगीते आणि भावगीते २५६ किंवा ३२० केबीपीएसला ठेवावीत. घरची दुर्मीळ मुद्रणे मात्र एमपी३ मध्ये कधीच करू नयेत. ती वेव्ह, म्हणजे न दाबलेल्या, किंवा फ्लॅक स्वरूपात ठेवावीत. फ्लॅक हे २००१ पासूनचे, कुणालाही मोफत वापरता येणारे स्वरूप आहे. त्यात आवाजाचा कणही न गमावता फाइल साधारण निम्मी-पाऊण होते.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. एमपी३ ची फ्लॅक केली म्हणजे गेलेला आवाज परत येतो, असे नाही. फक्त जागा जास्त लागते. व्हॉट्सॲपवरून आलेला गोंधळाचा व्हिडिओ आधीच दाबून लहान केलेला असतो. ज्याने मुळात तो टिपला त्याच्याकडून मूळ फाइल मागून घेणे, एवढाच त्यावर इलाज आहे.

प्लेअरमध्ये काय पाहावे

पहिली गोष्ट, कार्डाची खाच. यंत्राच्या पोटात किती जीबी आहेत याला मोठ्या संग्रहात फारसे महत्त्व नाही. कार्ड घालता येते का आणि किती जीबीपर्यंतचे चालते, हे विचारावे. एसडीएचसी एवढेच लिहिलेले असेल तर मर्यादा ३२ जीबीची. एसडीएक्ससी असेल तर नियमाने २ टीबीपर्यंत मजल जाते, पण प्रत्यक्ष यंत्र किती घेते ते माहितीपत्रकात पाहून घ्यावे. मोठी कार्डे एक्सफॅट पद्धतीने तयार केलेली असतात, तर ट्रॅक्टर, जीप आणि जुन्या साऊंड सिस्टीमना बहुधा फॅट३२ च कळते. फॅट३२ मध्ये ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही. रात्रभराच्या जागराचे वेव्ह मुद्रण पावणेसात तासांच्या पुढे गेले की नेमके याच भिंतीवर आदळते. अशा मुद्रणाचे तास-तासाचे तुकडे करून ठेवावेत.

दुसरी गोष्ट, देवनागरी. दुकानात कुणी तपासत नाही आणि घरी आल्यावर डोकेदुखी होते ती इथे. ‘विठ्ठल’ हा शब्द संगणकात साठवताना आधी व आणि मग ऱ्हस्व वेलांटी अशा क्रमाने साठवला जातो. पडद्यावर दाखवताना वेलांटी व च्या आधी आणायची आणि दोन ठ जोडायचे, हे काम यंत्राच्या सॉफ्टवेअरचे. स्वस्त प्लेअरना ते जमत नाही. मग वेलांटी भलतीकडे पडते, पाय मोडलेला ठ वेगळा दिसतो, नाहीतर नुसते चौकोन आणि प्रश्नचिन्हे दिसतात. अँड्रॉइडवर चालणाऱ्या प्लेअरना ही अडचण नाही. म्हणून दुकानात जाताना ‘श्रीक्षेत्र तुळजापूर’ अशा नावाची एक फाइल कार्डात घेऊन जावी आणि ती नीट दिसली तरच पुढचे बोलावे.

तिसरी गोष्ट, यादी आणि क्रम. वीस हजार गाणी असली की ती शोधणे हेच मोठे काम होते. फोल्डरनुसार पाहण्याची सोय हवीच, कारण काही लहान प्लेअरचे सॉफ्टवेअर ठरावीक संख्येपलीकडे यादीच करत नाही. अनेक साध्या यंत्रांत गाणी नावाच्या क्रमाने न वाजता ज्या क्रमाने कार्डात भरली त्याच क्रमाने वाजतात. त्यामुळे फायलींच्या आधी ०१, ०२ असे आकडे घालावेत आणि त्याच क्रमाने भरावे. हे आकडे इंग्रजी अंकांत असलेले बरे, म्हणजे कोणतेही यंत्र गडबडत नाही.

चौथी गोष्ट, न तुटणारे वादन. भीमसेन जोशींची मैफल सीडीवर दोन तुकड्यांत असते. विलंबित संपून द्रुत सुरू होते तिथे प्लेअरने अर्धा सेकंद जरी खाल्ला तरी रसभंग होतो. एकामागची दुसरी फाइल सलग वाजते का, हे कानाने तपासावे.

पाचवी गोष्ट, बटणे, बॅटरी आणि पिन. रात्री पिकाला पाणी देणाऱ्या माणसाला पडद्याकडे न पाहता गाणे पुढे-मागे करता आले पाहिजे. भजनी मंडळाला साऊंडला जोडण्यासाठी ३.५ मिलिमीटरची पिन लागते. एक सूचना तेरखेड्यासाठी मुद्दाम: फटाक्यांच्या कारखान्यात, दारूकामाच्या शेजारी बॅटरीवर चालणारे कोणतेही यंत्र नेऊ नये, मग ते मोबाईल असो की प्लेअर.

कोणासाठी काय

घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी सारेगामाचा कारवाँ ही चांगली वस्तू आहे. २०१७ मध्ये आलेल्या या पेटीत ५,००० हिंदी गाणी भरलेली होती. पुढे मराठी गाण्यांचीही आवृत्ती निघाली. खटके मोठे, वापर सोपा. मात्र आतली गाणी बदलता येत नाहीत; आपली गाणी पेनड्राइव्ह लावून ऐकावी लागतात. ती दुसऱ्याने निवडलेल्या गाण्यांची पेटी आहे, स्वतःच्या संग्रहाची नव्हे.

बहुतेक घरांसाठी सर्वांत शहाणपणाचा मार्ग म्हणजे कार्डाची खाच असलेला, कपाटात पडून राहिलेला जुना अँड्रॉइड मोबाईल. सिम काढून टाकावे, नको ती ॲप पुसून टाकावीत आणि फायलींवरून गाणी वाजवणारे एक साधे ॲप ठेवावे. देवनागरी नीट दिसते, मोठे कार्ड चालते आणि फोनही वाजत नाही. फक्त जुन्या मोबाईलची बॅटरी फुगलेली नाही ना, एवढे पाहून घ्यावे.

ज्यांच्याकडे हजारो तासांचे शास्त्रीय संगीत फ्लॅकमध्ये आहे आणि चांगला हेडफोन आहे, त्यांनी सोनी वॉकमन, फिओ, हायबी यांच्यासारख्या खास प्लेअरकडे वळावे. आकड्यांचा पुन्हा आवाज करणारी चिप त्यांत चांगल्या प्रतीची असते आणि बॅटरीही टिकते. मात्र १९३० च्या तबकडीवरून उतरवलेले गाणे कितीही महागड्या यंत्रावर लावले तरी तबकडीत नव्हते ते ऐकू येणार नाही.

खोटी कार्डे आणि खऱ्या प्रती

एकेकाळी मोबाईल शॉपीत वीस-तीस रुपयांत कार्ड गाण्यांनी भरून मिळायचे. आता बाजारात खोट्या कार्डांचा सुळसुळाट आहे. आत ३२ जीबी असते आणि कार्ड ५१२ असल्याचे सांगते. गाणी भरताना काहीच कळत नाही. जागा संपली की नवी गाणी जुन्यांवर लिहिली जातात आणि महिन्याभराने फायली दिसतात पण वाजत नाहीत. म्हणून नवे कार्ड आणले की एच२टेस्टडब्ल्यू किंवा एफ३ या मोफत प्रोग्रामने ते पूर्ण भरून, वाचून तपासावे. ५१२ च्या खऱ्या कार्डावरही संगणक ४७६ च्या आसपास आकडा दाखवतो. तो मोजण्याच्या पद्धतीतला फरक आहे, फसवणूक नव्हे.

खरे कार्डही अमर नाही. कोंडलेले इलेक्ट्रॉन वर्षानुवर्षांत, विशेषतः उष्णतेत, हळूहळू निसटतात. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात गाडीच्या काचेखाली कार्ड ठेवू नये. संग्रहाच्या तीन प्रती असाव्यात: एक प्लेअरमध्ये, एक हार्ड डिस्कवर आणि एक दुसऱ्या गावी, लेकीच्या नाहीतर भावाच्या घरी.

प्रती जपल्याने काय साधते, हे पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांच्या कामातून दिसते. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातल्या हजारांवर गावांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्यांतल्या कित्येक १९९० च्या दशकात बर्नार्ड बेल यांच्या साथीने डिजिटल टेपवर मुद्रित झाल्या. राईरकर आणि प्वातवाँ दोघेही आज हयात नाहीत. पण तो संग्रह २०१७ पासून ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहालयाने लोकांसमोर आणला आणि दळणाऱ्या बायांचे आवाज आजही ऐकू येतात.

म्हणून शेवटचे सांगणे एवढेच. पैसे खर्चायचेच असतील तर आधी दोन चांगली कार्डे आणि एक हार्ड डिस्क घ्या, ट्रंकेतल्या कॅसेट चालू टेपवरून संगणकावर उतरवून घ्या, आणि घरात ओव्या येणारी आजी असेल तर तिच्यासमोर मोबाईल ठेवून वेव्हमध्ये मुद्रण करा. प्लेअर त्यानंतर घ्या. तो पुढेही मिळत राहणार आहे.